०.५ दाबलं की मागे सरकू नका, पुढे जा

फोनमधली वाइड लेन्स बहुतेक जण एकाच वेळी वापरतात, समोरचं सगळं फ्रेममध्ये मावत नाही तेव्हा. डोंगर मोठा आहे, मावत नाहीये, दाबा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं ०.५. मग फोटो येतो तो असा की खाली अर्धी फ्रेम रिकामी जमीन, वर अर्धी फ्रेम रिकामं आकाश आणि मधे एक बारीक रेघ, ती म्हणजे डोंगर. घरी येऊन बघितलं की वाटतं अरे तिथे तर केवढा मोठा दिसत होता, फोटोत काहीच नाही आलं. मग ती लेन्स कायमची बाजूला पडते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण फोनमधल्या सगळ्या कॅमेऱ्यांत मला सगळ्यात जास्त आवडणारा हाच आहे आणि तो वाया जातो फक्त एका गैरसमजामुळे. तो गैरसमज म्हणजे ही लेन्स "जास्त मावावं" म्हणून आहे. मावतं, हे खरं, पण तिचा खरा उपयोग आहे जवळ जायला.

आधी ते आकडे काय असतात ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मेन कॅमेरा म्हणजे १, तो मोठ्या कॅमेऱ्यांच्या हिशोबात साधारण २४ ते २६ मिमीचा असतो (मिमीचा आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दिसतं). वाइड म्हणजे ०.५ किंवा ०.६, म्हणजे साधारण १३ ते १६ मिमी. १३ मिमीवाल्या लेन्सला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळपास १२० अंशांचं दिसतं, मेन कॅमेऱ्याला ८० च्या आसपास. २०१६ च्या एलजी जी५ मध्ये तर १३५ अंशांची लेन्स होती, पण सगळीकडे हे पसरलं ते २०१९ नंतर, आयफोन ११ आणि गॅलेक्सी एस१० आले त्या वर्षी. आता हिशोब बघा, १ वरून ०.५ वर गेलात की फ्रेममधली प्रत्येक गोष्ट लांबीला निम्मी आणि रुंदीलाही निम्मी होते, म्हणजे फोटोत ती जेवढी जागा व्यापत होती त्याच्या फक्त एक चतुर्थांश जागा व्यापते. डोंगराची रेघ का झाली ते यात आलं. तुम्ही उभे होता तिथेच उभे राहिलात आणि डोंगर चारपट बारीक करून घेतलात.

आता पुढे जाण्याचं गणित. समजा समोर २ मीटरवर एक बाक आहे आणि बाकाच्या मागे ४ मीटरवर एक झाड. तुमच्यापासून बाक २ मीटर, झाड ६ मीटर, म्हणजे झाड बाकाच्या तिप्पट लांब. आता चालत जा आणि बाकापासून अर्ध्या मीटरवर थांबा. बाक अर्धा मीटर, झाड साडेचार मीटर, म्हणजे झाड नऊपट लांब. झालं, बाक एकदम अंगावर आल्यासारखा मोठा दिसतो आणि झाड मागे दूर निघून जातं, मधे भरपूर जागा तयार होते, फोटोत खोली येते. हे लेन्सने केलं नाही हं, तुमच्या पायांनी केलं. लेन्सने एवढंच केलं की इतक्या जवळ जाऊनसुद्धा अख्खा बाक आणि अख्खं झाड फ्रेममध्ये ठेवलं, मेन कॅमेऱ्याने अर्ध्या मीटरवरून फक्त बाकाची एक फळी आली असती. पटत नसेल तर एकाच जागेवरून ०.५ आणि १ असे दोन फोटो काढा आणि ०.५ वाला क्रॉप करून १ एवढा करा, दोन्हीत बाक आणि झाड यांचं एकमेकांशी प्रमाण तेच निघेल. जागा बदलली तरच ते बदलतं.

त्यामुळे माझी पद्धत अशी की वाइड उघडली की आधी डोंगराकडे बघायचंच नाही, पायाकडे बघायचं. जवळ काय आहे? दगड, गवताचा झुबका, पाण्याचं डबकं, कठड्याची सळई, पडलेलं पान, वाळूतल्या लाटांच्या खुणा, काहीही चालतं, फक्त त्याला आकार हवा आणि शक्यतो त्याची रेघ मागच्या गोष्टीकडे जाणारी हवी. मग त्याच्याजवळ खाली बसायचं. उभं राहून, डोळ्याच्या उंचीवरून, वाइडने काढलेला फोटो क्वचितच चांगला येतो, कारण त्या उंचीवरून जवळचं असं काही नसतंच फ्रेममध्ये, नुसती जमीन पसरलेली असते.

एक उदाहरण सांगते. तळ्याकाठी एक लाकडी होडी दोरीने खुंटाला बांधलेली होती, मागे पाणी, त्यापलीकडे टेकड्या, संध्याकाळची वेळ. पहिला फोटो मी उभ्यानेच काढला, होडी मधोमध, सगळं आलं, आणि एकदम सपाट. दोरी तर दिसतच नव्हती जवळपास. मग खुंटाजवळ गेले, गुडघ्यावर बसले आणि फोन उलटा केला, म्हणजे वरची बाजू खाली. बहुतेक फोनांत कॅमेरे वरच्या टोकाला असतात, फोन उलटा धरला की लेन्स जमिनीपासून अगदी बोटभर उंचीवर येते, आणि फोटोची काळजी करू नका, तो फोन स्वतःच सरळ करून ठेवतो. लेन्स गाठीपासून वीतभर अंतरावर. आता त्या गाठीचा एकेक पीळ दिसत होता, निघालेले धागे दिसत होते, आणि दोरी डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरकी होडीपर्यंत जात होती आणि होडीचं टोक बरोबर टेकड्यांमधल्या खाचेकडे. गाठीपुढे होडी लहान दिसत होती, टेकड्या तर फारच लहान, तरी बघणाऱ्याची नजर दोरीवरून चालत चालत तिथपर्यंत जात होती. अंतर बदललं, फक्त अडीच तीन पावलांचं, आणि उंची बदलली. बाकी प्रकाश तोच, फोन तोच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला लागते ती फोकसची. बऱ्याच फोनांत वाइड लेन्सचा फोकस फिक्स असतो, म्हणजे ती फोकस बदलूच शकत नाही, ठरावीक अंतरापासून पुढचं सगळं बऱ्यापैकी शार्प आणि त्याच्या आतलं धुरकट. आयफोन ११ ची वाइड अशीच आहे, एस१० ची पण. काही फोनांत मात्र ऑटोफोकस असतो, आयफोन १३ प्रो मध्ये २०२१ साली तो आला आणि २ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं. तुमच्या फोनचं काय ते पाच मिनिटांत कळतं, छापील मजकुराचा एक कागद भिंतीला चिकटवा, ०.५ वर ठेवून १०, २०, ३० आणि ५० सेंटीमीटरवरून एकेक फोटो काढा आणि झूम करून अक्षरं वाचता येतायत का बघा. जिथून वाचता यायला लागतात ते तुमचं जवळात जवळचं अंतर. ते एकदा पाठ झालं की बाहेर गेल्यावर फोटो धुरकट येत नाहीत. हे टेस्ट करणं लोक टाळतात पण मी तर म्हणेन नवीन फोन घेतला की पहिल्या दिवशी करायचं काम आहे हे.

आणि त्यातच अजून एक, काही फोन फार जवळ गेलात की तुम्हाला न विचारता मेनवरून वाइडवर उडी मारतात, मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोसाठी. स्क्रीनवर १ च लिहिलेलं असतं पण काम वाइड करत असते. आयफोनवर तेव्हा फुलाचं चिन्ह येतं, त्यावर टॅप केलं की बंद होतं. कोणती लेन्स चालू आहे अशी शंका आली तर मागून एकेका लेन्सवर बोट ठेवून बघा, ज्या लेन्सवर बोट ठेवल्यावर स्क्रीन काळी होते ती चालू आहे, साधा उपाय आहे आणि बहुतेक वेळा चालतो.

तसंच ०.५ आणि १ च्या मधले आकडे. झूमची पट्टी सरकवून लोक ०.७, ०.९ असं काहीतरी लावतात. १ येईपर्यंत कॅमेरा वाइडच असतो, फक्त तिचा फोटो मधून कापून मोठा केलेला असतो, म्हणजे ०.९ ला तुम्ही वाइडच्या छोट्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या भागाचा) एक छोटा तुकडा वापरताय. ०.९ वर ठेवण्यापेक्षा अर्धं पाऊल मागे व्हा आणि १ लावा, फरक झूम न करताही दिसेल. मी तरी एक तर ०.५, नाहीतर १, मधे काही नाही.

आता माणसं. वाइडबद्दलच्या सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच असतात, "कडेला उभा होतो म्हणून मी एवढा जाड दिसतोय" वगैरे, आणि ती तक्रार खरी असते. होतं काय, की भिंतीच्या, दाराच्या सरळ रेषा सरळ दिसायला हव्या असतील तर इतका रुंद देखावा सपाट फोटोत बसवताना कडा ताणाव्याच लागतात, दुसरा मार्ग नाही. मधोमध ठेवलेला चेंडू गोल दिसतो, तोच कोपऱ्यात ठेवला तर अंड्यासारखा. १२० अंशांच्या लेन्सने रेषा पूर्ण सरळ ठेवल्या तर अगदी कोपऱ्यातला चेंडू रुंदीच्या दुप्पट लांब होतो, आणि तो ताण नेहमी मधापासून बाहेरच्या दिशेने असतो. चेंडूच्या जागी तुमच्या मावशींचं डोकं ठेवा. त्यामुळे ग्रुप फोटो वाइडने काढायचाच असेल तर सगळ्यांना एका लांब रांगेत उभं करू नका, दोन किंवा तीन रांगा करा, मागचे उभे पुढचे बसलेले, आणि दोन्ही बाजूंना एकेका माणसाएवढी जागा रिकामी सोडा, नंतर ती कापून टाका. आणि मागे जायला जागा असेल तर सरळ मागे जाऊन १ ने काढा, माणसांसाठी तेच बरं. वाइड फक्त तेव्हाच जेव्हा पाठीला भिंत लागलेली आहे.

एकट्या माणसाचा फोटो असेल तर चेहरा फ्रेमच्या मध्यभागाच्या जवळपास ठेवा आणि चेहऱ्यापासून निदान मीटरभर लांब राहा, अगदी जवळ गेलात तर नाक पुढे येतं आणि कान मागे जातात, कोणालाच ते आवडत नाही. पण हाच ताण मुद्दाम वापरता पण येतो. फोन कमरेच्या खाली धरा, माणसाचे पाय फ्रेमच्या खालच्या कडेजवळ आणि डोकं मधाच्या थोडंसं वर, पाय लांब दिसतात, माणूस उंच दिसतो. याच्या उलट लहान मुलाचा फोटो उभं राहून वरून काढला तर डोकं मोठं आणि पाय इवलेसे येतात, म्हणून मुलांच्या उंचीला खाली बसा. आणि सेटिंगमध्ये लेन्स करेक्शन, शेप करेक्शन अशा नावाचं काहीतरी असेल ते चालू आहे का बघून घ्या, बंद असेल तर कडेच्या रेषा धनुष्यासारख्या वाकतात.

इमारती आणि खोल्या. इथे एकच शिस्त पाळली की नव्वद टक्के काम झालं असं समजा, फोन वर किंवा खाली झुकवायचा नाही. फोन जरा वर केला की इमारत मागे पडल्यासारखी दिसते, वरची बाजू निमुळती होते. मेन कॅमेऱ्यातही हे होतंच पण वाइडमध्ये दोन चार अंशाचा कल पण डोळ्यात भरतो. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू करा, इमारतीची उभी कड ग्रिडच्या उभ्या रेषेला समांतर येईपर्यंत फोन सरळ करा. मग प्रश्न येतो की खाली जमीनच जास्त येते, बरोबर, ती येणारच. त्याला तीन उपाय आहेत, समोर जिना किंवा ओटा असेल तर त्यावर चढा, नाहीतर त्या जमिनीत काहीतरी आणा, डबक्यातलं प्रतिबिंब, फरशीच्या रेषा, सावली, आणि यातलं काहीच नसेल तर नंतर खालचा भाग क्रॉप करा, वाइडमध्ये कापायला भरपूर असतं. किंवा मग पूर्ण वर बघा. गोल जिन्याच्या तळाशी उभं राहून फोन थेट आकाशाकडे केला, किंवा उंच झाडांच्या मधे आडवं होऊन, की सगळ्या रेषा एका बिंदूकडे धावतात आणि ते मुद्दाम केलेलं दिसतं. मधलं, अर्धवट वर झुकवलेलं, तेच फक्त चुकल्यासारखं वाटतं.

खोलीचा फोटो काढताना दारात किंवा कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहा, फोन छातीच्या उंचीला, साधारण सव्वा मीटर, तिथून जमीन आणि छत दोन्ही सारखं येतं आणि भिंती उभ्या राहतात. जवळची खुर्ची, टेबलाचा कोपरा असं काही फ्रेमच्या कडेला येत असेल तर ते हलवा, नाहीतर तेच ताणून सगळ्यात मोठं दिसेल. आणि एक मनापासून सांगायचंय, खोली भाड्याने द्यायला किंवा विकायला फोटो काढत असाल तर वाइडसोबत एक दोन १ वाले फोटो पण टाका. मी एकदा फोटो बघून एक खोली बघायला गेले होते, फोटोत पलंग आणि कपाटाच्या मधे चांगली मोकळी जागा दिसत होती, प्रत्यक्षात कपाटाचं दार पूर्ण उघडत नव्हतं, पलंगाला लागत होतं. फोटो खोटा नव्हता, वाइड होता. पण माझा अख्खा दिवस गेला ना.

प्रकाशाचं थोडक्यात. जास्त करून फोनांत वाइडचा सेन्सर मेनपेक्षा लहान असतो आणि लेन्स प्रकाश पण कमी आत घेते, त्यामुळे दिवसा ती मस्त, अंधार पडला की दाणेदार आणि चिखलासारखा फोटो. रात्री वाइडच हवी असेल तर नाईट मोड लावा, फोन कठड्यावर किंवा दगडाला टेकवा आणि ३ सेकंदाचा टायमर लावा म्हणजे बटण दाबताना हलणार नाही. नाहीतर मेन कॅमेऱ्याने पॅनोरमा काढा, रात्रीच्या शहराच्या दिव्यांसाठी तो कितीतरी वेळा जास्त स्वच्छ येतो. दिवसा उलटा त्रास, फ्रेम एवढी रुंद की सूर्य कुठूनतरी आत येतोच. आधी लेन्स पुसा, सुती कापडाने, खिशातल्या तेलकट बोटांच्या ठशांमुळे उजेडाचे जे पट्टे येतात त्यातले निम्मे पुसल्यावर जातात. मग सूर्याला एखाद्या फांदीच्या किंवा खांबाच्या आड असा लपवा की फक्त कड दिसेल. आकाश पांढरं फटक पडत असेल तर आकाशावर टॅप करून ब्राइटनेसची पट्टी जरा खाली ओढा, अंधारलेली जमीन नंतर एडिटमध्ये उजळता येते, पण पांढरं पडलेलं आकाश परत आणता येत नाही.

व्हिडिओसाठी चालता चालता शूट करायचं असेल तर वाइड खरंच मदतीला येते, कारण हाताचा हलका धक्का रुंद फ्रेममध्ये कमी जाणवतो, काही फोनांतला सुपर स्टेडी मोड तर हीच लेन्स वापरतो कारण तिच्या कडा कापून फ्रेम स्थिर करायला जागा मिळते. फक्त फोन भराभर फिरवू नका, कडेच्या गोष्टी रबरासारख्या ताणल्या जातात आणि बघणाऱ्याला गरगरतं.

कागदपत्रांचे फोटो वाइडने कधीच नको, लांबचा पक्षी नको, चंद्र नको (ठिपका येतो), आणि कोणाला वस्तूचा आकार नीट कळायला हवा असेल तेव्हा पण नको.

शेवटची सवय म्हणजे कडा तपासायची. बटण दाबायच्या आधी मधे बघू नका, चारही कोपऱ्यांवरून एकदा नजर फिरवा. १२० अंशात फोन धरलेलं बोट येतं, बॅगेचा पट्टा येतो, सूर्य पाठीमागे असेल तर स्वतःची लांबलचक सावली येते, आणि सावली आली तर बाजूला सरकून तिला झाडाच्या नाहीतर दगडाच्या सावलीत मिसळायची. फोटो काढून झाल्यावर पण तिथेच उभं राहून झूम करून कोपरे बघा, निघून गेल्यावर काही करता येत नाही. त्या होडीच्या फोटोत सगळं जमलं होतं, पण उजव्या खालच्या कोपऱ्यात माझ्या बुटाचं टोक आलं होतं, करड्या रंगाचं, स्क्रीनवर दगडच वाटत होता. झूम केल्यावर लेस दिसली. पाय मागे घेतला, फोन परत उलटा केला, तोपर्यंत सूर्य टेकडीच्या खाचेत अजून थोडा खाली आला होता आणि त्या दोरीच्या ओल्या पिळांवर उजेडाची एक कड आली. ठेवलाय तो दुसरा.